मातीच्या तोंडचा घास

प्रस्तावना

दिवाळीच्या सुमारास हवेत गारवा येतो आणि दिल्लीचे आकाश राखाडी होऊ लागते. डोळे चुरचुरतात, वृद्धांचा दमा बळावतो, कधी कधी शाळाही बंद ठेवाव्या लागतात. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून 'पराली' हा शब्द वारंवार दिसतो. पराली म्हणजे भाताची कापणी झाल्यावर शेतात राहणारे खुंट आणि पेंढा. पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील अनेक शेतकरी तो जाळतात व त्याचा धूर वाऱ्याबरोबर दिल्लीपर्यंत येतो.

शहरातील माणसाला त्यातला धूर तेवढा दिसतो. परंतु त्या आगीत आणखी काही जळत असते आणि त्याची बातमी सहसा होत नाही. जळते ते मातीचे अन्न. शेतकरी आग का लावतो, त्या आगीने मातीचे काय होते आणि आगीवाचून दुसरा मार्ग आहे का, यांचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• पिकांचे अवशेष जाळण्यामागील कारणे सांगता येतील;
• आगीचा मातीवर व तिच्यातील जीवसृष्टीवर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल;
• अवशेष कुजवून मातीला परत देण्याच्या काही पद्धतींची तुलना करता येईल;
• पाठातील वाक्प्रचार व सामासिक शब्द योग्य रीतीने वापरता येतील.

मूळ पाठ

१. पंधरावीस दिवसांची कात्री

दिल्लीच्या उत्तरेला सोनीपत, पानिपत, कर्नाल हे हरियाणाचे जिल्हे आहेत. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारा हा भाग मुख्यतः भात-गव्हाचा प्रदेश आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. ऑक्टोबर संपत आला आहे आणि तुमचे भात नुकतेच कापून झाले आहे. कापणी मजुरांनी केलेली नाही, कापणी-मळणी यंत्राने केली आहे. यंत्र लोंब्या वरच्या वर कापून पुढे गेले. मागे सुमारे फूटभर उंचीचे खुंट उभे राहिले आणि मोकळा पेंढा ओळीओळीने पसरला.

आता गहू पेरायचा आहे. नोव्हेंबरचा पूर्वार्ध ही गव्हाच्या पेरणीची उत्तम वेळ. पेरणी लांबली, तर दाणा भरण्याच्या वेळी मार्चचा उन्हाळा गाठतो आणि उतारा घटतो. म्हणजे हातात पंधरावीस दिवस उरतात. एवढ्या अवधीत पेंढा गोळा करायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर त्यांची मजुरी परवडत नाही. या भाताच्या पेंढ्यात वाळूसारख्या सिलिका या द्रव्याचे प्रमाण अधिक असल्याने गुरांचा चारा म्हणूनही त्याला फारशी मागणी नसते. अशा वेळी काड्यापेटीतील एक काडी सर्वांत स्वस्त मजूर ठरते.

या घाईमागे आणखी एक कारण आहे. पूर्वी तेथे मे महिन्यातच भाताची लावणी सुरू होई. रणरणत्या उन्हात शेत पाण्याने भरलेले ठेवावे लागे आणि त्यासाठी भूगर्भातील पाण्याचा बेसुमार उपसा होई. तो थांबावा म्हणून पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांनी २००९ साली कायदे केले आणि जूनमधील ठरावीक तारखेपूर्वी लावणी करण्यास मनाई केली. हेतू योग्यच होता. परंतु लावणी पुढे गेल्याने कापणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीपूर्वीचा वेळ आक्रसला आणि आगीचा काळ ऐन थंडीच्या तोंडाशी आला. थंड हवेत धूर वर जात नाही, जमिनीलगतच साचून राहतो. एक जखम भरून येत असताना दुसरी उघडी पडली.

शेतकऱ्याकडे बोट दाखवणाऱ्याने ही कात्री आधी समजून घेतली पाहिजे. वाहने, कारखाने आणि बांधकामांची धूळ यांमुळे दिल्लीची हवा वर्षभर बिघडतच असते. परालीच्या धुराचा वाटा मोठा ठरतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील काही दिवसांपुरता, हेही लक्षात ठेवायला हवे.

२. आगीत काय जळते?

माती म्हणजे नुसता दगडाचा चुरा नव्हे. चमचाभर सुपीक मातीत पृथ्वीवरील माणसांच्या संख्येपेक्षाही अधिक सूक्ष्म जीव असू शकतात. त्यांत जिवाणू असतात, बुरशी असते. त्यांच्या जोडीला गांडुळे, कोळी आणि नाना प्रकारचे किडे असतात. गांडुळे मातीत बोगदे करतात, त्यांतून हवा आणि पाणी खाली जाते. काही बुरशी पिकांच्या मुळांना चिकटून राहतात आणि मुळांचा हात जेथे पोचत नाही तेथील स्फुरद त्यांना आणून देतात. कोळी पिकावरील किडी खातात. शेतकऱ्याचे हे बिनपगारी मदतनीस जगतात ते शेतातील पालापाचोळ्यावर आणि त्यावर वाढणाऱ्या इतर जीवांवर. पालापाचोळा कुजतो, त्याचा गडद रंगाचा ह्यूमस तयार होतो. ह्यूमस मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतो आणि पाणी धरून ठेवतो.

भाताच्या एक टन पेंढ्यात सुमारे ४०० किलो कर्ब, साडेपाच किलो नत्र, सव्वादोन किलो स्फुरद, २५ किलो पालाश आणि सव्वा किलो गंधक असतो. पेंढा पेटवला की कर्ब आणि नत्र जवळजवळ सर्वच हवेत जातात. गंधकाचा मोठा वाटा आणि स्फुरद-पालाशाचाही काही भाग हाती लागत नाही. वरच्या थरातील सूक्ष्म जीव उष्णतेने मरतात. बांधावरची झाडे होरपळतात, त्यांवरील घरटी जातात. मग हाच शेतकरी दुकानात जाऊन युरियाचे पोते आणतो. आपल्या शेतातील नत्र आकाशात सोडायचे आणि पदरमोड करून तेच पुन्हा विकत आणायचे, असा हा उलटा व्यवहार आहे.

पीक काढून घेतल्यावर शेतात जे उरते, तो मातीचा घास असतो. आग तो तिच्या तोंडून काढून घेते.

३. पुसा ते इंदूर : शेतातले शेतात

शेतातले शेतात परत जावे, हा विचार नवा नाही. त्याला शास्त्रीय बैठक देण्याचे मोठे काम आपल्याच देशात झाले. १९०५ साली बिहारमधील पुसा या गावी शेतीसंशोधनाची संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे आले. भारतीय शेतकऱ्याला शिकवण्यासाठी आलेल्या या गृहस्थांनी त्याच्याकडूनच पुष्कळ शिकून घेतले. निरोगी मातीत वाढलेले पीक रोगांना सहसा बळी पडत नाही, हे त्यांचे मत येथील अनुभवातून बनले.

१९२४ साली हॉवर्ड इंदूरला आले. होळकरांच्या संस्थानातील त्या संस्थेत त्यांनी यशवंत वाड यांच्यासह शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसवली. दोघांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि ती पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर ओळखली गेली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचायचे, त्यांत ओलावा राखायचा, मधूनमधून ढीग उलथवायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

यात शेणाचे काम काय, हे समजून घेण्याजोगे आहे. पेंढा कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना कर्बाबरोबर नत्रही लागते. भाताच्या पेंढ्यात एका भाग नत्रामागे सुमारे साठ ते ऐंशी भाग कर्ब असतो. जीवांना मात्र पंचवीस-तीस भागांचे प्रमाण मानवते. नत्र कमी पडले, तर ते मातीतील नत्र ओढून घेतात आणि नवे पीक काही काळ पिवळे पडते. शेणमूत ही नत्राची उणीव भरून काढते. पेंढा नुसता गाडला की पीक बिघडते, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. ती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे.

४. दिल्लीच्या शेतातील प्रयोग

१९३४ च्या भूकंपात पुशाच्या संस्थेची इमारत कोसळली आणि १९३६ साली संस्था दिल्लीस हलवण्यात आली. जुन्या गावाचे नाव तिच्यासोबत आले. म्हणून दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेला आजही लोक 'पुसा' म्हणतात.

या संस्थेतील शास्त्रज्ञांनी पेंढा वेगाने कुजवणाऱ्या बुरशी एकत्र करून 'पुसा डीकंपोझर' तयार केला. गूळ घालून उकळलेल्या पाण्यात बेसन मिसळायचे, ते कोमट झाल्यावर त्यात या बुरशीच्या कुप्या सोडायच्या आणि काही दिवस विरजणासारखे वाढू द्यायचे. हे द्रावण खुंटांवर फवारून ते मातीत मिसळायचे व ओलावा राखायचा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली सरकारने राजधानीच्या ग्रामीण भागात सुमारे दोन हजार एकरांवर ही फवारणी विनामूल्य करून दिली.

हा उपाय स्वस्त आहे, परंतु त्याला मर्यादाही आहे. पेंढा कुजायला साधारण वीस-पंचवीस दिवस लागतात आणि शेतकऱ्याच्या हाती असतात पंधरावीस. म्हणून लवकर पिकणारे भाताचे वाण आणि वेळेवर कापणी यांची जोड मिळाली, तरच ही बुरशी उपयोगी पडते.

दुसरा मार्ग यंत्राचा आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने 'हॅपी सीडर' हे यंत्र विकसित केले. ते खुंट कापते, त्याच फेरीत गहू पेरते आणि कापलेला पेंढा पेरलेल्या ओळींवर पसरते. जमीन नांगरावी लागत नाही. पेंढ्याच्या पांघरुणामुळे ओल टिकते आणि तण कमी उगवते. यंत्र महाग असते व त्याला मोठ्या ताकदीचा ट्रॅक्टर लागतो. म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने अशा यंत्रांसाठी अनुदानाची योजना सुरू केली. त्यात एकट्या शेतकऱ्याला निम्मे, तर शेतकरी गटांना ८० टक्के अनुदान ठेवण्यात आले.

मदतीबरोबर दंडही आला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली अवशेष जाळण्यास बंदी केली होती. २०२४ साली दंडाची रक्कम दुप्पट झाली. पाच एकरांहून अधिक जमीन असलेल्या शेतकऱ्यास ती ३० हजार रुपये आहे. १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळात उपग्रहांनी पंजाबात २०२० साली सुमारे ८३ हजार आगी नोंदवल्या, २०२४ साली सुमारे ११ हजार. घट मोठी दिसते. मात्र आगी टिपणारे हे उपग्रह ठरावीक वेळीच त्या प्रदेशावरून जातात. ते गेल्यावर लावलेली आग नोंदीत येईलच असे नाही. दंडाच्या भीतीने आगीची वेळ बदलू शकते. आग थांबते ती पेंढ्याचा उपयोग पटल्यावर.

५. आपल्या उसाचे पाचट

हे सारे वाचून 'उत्तरेकडचे शेतकरी असे का करतात?' असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तर मग उसाची तोड संपल्यावर पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या रस्त्याने जाऊन पाहा. तेथेही शेते पेटलेली दिसतील. तोडणीनंतर हेक्टरी साधारण आठ ते दहा टन पाचट शेतात राहते. पाणी देताना व मशागत करताना त्याची अडचण होते, उंदीर वाढतात, या कारणांनी ते पेटवले जाते.

फरक एवढाच की खोडवा ठेवणाऱ्या ऊस उत्पादकामागे पंधरावीस दिवसांची ती कात्री नसते. खोडवा जुन्या बुडख्यांतूनच फुटतो, नवी पेरणी करायची नसते. पाचट एका आड एक सरीत किंवा सर्व सऱ्यांत दाबून बसवावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत. प्रत्येक टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यावे, अशी शिफारस आहे. युरिया येथे तेच काम करतो, जे इंदूरच्या खड्ड्यात शेण करत होते. पाचटाखाली जमीन गार राहते, पाण्याच्या पाळ्या वाचतात, गांडुळे परत येतात.

याच्याही पुढे गेलेले शेतकरी महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूरचे प्रतापराव चिपळूणकर यांनी विनानांगरणीच्या शेतीचा पुरस्कार केला. मागील पिकाची मुळे जागच्या जागी कुजू देणे हेच उत्तम खत, असे त्यांचे सांगणे. रायगड जिल्ह्यातील नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी न करता कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेण्याची पद्धत रूढ केली. तीतही मुळे उपटली जात नाहीत. तण आवरण्यासाठी या पद्धतीत तणनाशक वापरले जाते आणि त्याविषयी मतभेद आहेत. परंतु मातीला न ढवळता तिचे तिला ठेवून द्यावे, हा धडा दोघांच्याही शेतांतून मिळतो.

६. ताटापासून शेतापर्यंत

आता शेवटचा आणि अवघड प्रश्न. हरियाणाच्या त्या कोरड्या भागात इतके भात का पिकते? उत्तर सरळ आहे. भात आणि गहू यांची सरकारी खरेदी हमखास होते. मका, बाजरी, मूग पिकवणाऱ्याला अशी खात्री नसते. २०२० साली हरियाणा सरकारने भाताऐवजी दुसरे पीक घेणाऱ्यास एकरी ७ हजार रुपये देण्याची योजना आणली. पण एका हंगामाच्या रकमेपेक्षा दरवर्षीचा ग्राहक शेतकऱ्याला अधिक मोलाचा वाटतो, यात नवल नाही.

पिकांची विविधता गेली, की मातीतील जीवांची विविधताही उणावते. मुगासारखे कडधान्य मुळांवरील गाठींत हवेतले नत्र साठवते. बाजरीला पाणी थोडे पुरते. या पिकांना शेतात जागा हवी असेल, तर आधी ती आपल्या ताटात करून द्यावी लागेल. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि मुगाची आमटी मराठी घराला परकी नाही. दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने हा स्वयंपाक जपला, तर तीही मातीचीच सेवा आहे.

शेतातील पीक माणसाने न्यावे, हा माणसाचा हक्क आहे. उरलेले मातीला मिळावे, हा मातीचा. तिचा घास तिला मिळाला, तरच आपल्या घासाची शाश्वती आहे.

शब्दार्थ

अवशेष – पीक काढल्यावर उरलेला भाग
आक्रसणे – आखडणे, कमी होणे
उतारा – उत्पन्नाचे प्रमाण
पाचट – उसाची वाळलेली पाने
खोडवा – तोडलेल्या उसाच्या बुडख्यांपासून येणारे पुढचे पीक
चिखलणी – भातलावणीपूर्वी शेतात चिखल करण्याची क्रिया
शाश्वती – खात्री

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. २००९ च्या कायद्यांचा मुख्य हेतू कोणता होता?
(क) धूर कमी करणे (ख) भूजल वाचवणे (ग) गव्हाचे उत्पन्न वाढवणे
२. पेंढा कुजताना सूक्ष्म जीवांना काय कमी पडते?
(क) कर्ब (ख) पालाश (ग) नत्र

(आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. दिल्लीतील कृषी संशोधन संस्थेला 'पुसा' का म्हणतात?
२. 'पुसा डीकंपोझर'ची मर्यादा कोणती?

भाषाभ्यास

(अ) पुढील वाक्प्रचारांचे अर्थ पाहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
तोंडचा घास काढून घेणे – हक्काचे हिरावून घेणे
पदरमोड करणे – स्वतःचे पैसे खर्च करणे
बोट दाखवणे – दोष देणे

(आ) ज्या समासात दोन्ही पदे महत्त्वाची असतात, त्यास द्वंद्व समास म्हणतात.
भात-गहू – भात आणि गहू (इतरेतर द्वंद्व)
पंधरावीस – पंधरा किंवा वीस (वैकल्पिक द्वंद्व)
पालापाचोळा – पाला, पाचोळा व तत्सम इतर (समाहार द्वंद्व)
'ज्वारी-बाजरी', 'काडीकचरा' आणि 'नफातोटा' या शब्दांचा विग्रह करून समासाचा प्रकार लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• शेतकरी अवशेष जाळतो, त्यामागे वेळ, मजुरी आणि बाजार यांची अडचण असते.
• आगीत कर्ब, नत्र आणि मातीतील जीवसृष्टी नष्ट होते.
• शेण, बुरशी, यंत्र किंवा आच्छादन यांच्या साहाय्याने अवशेष मातीला परत देता येतात.
• पिकांची विविधता टिकवण्यात ग्राहकाचाही वाटा असतो.

स्वाध्याय

१. 'दंडाच्या भीतीने आगीची वेळ बदलू शकते. आग थांबते ती पेंढ्याचा उपयोग पटल्यावर.' या विधानावर तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.
२. भाताचा पेंढा आणि उसाचे पाचट जाळण्यामागील कारणांत साम्य व फरक कोणते?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या शेतकऱ्याशी किंवा माळ्याशी बोला. वाळलेली पाने व काडीकचरा यांचे तो काय करतो, ते विचारून टिपण तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १. (ख) भूजल वाचवणे २. (ग) नत्र
(आ) १. बिहारमधील पुसा येथून ही संस्था १९३६ साली दिल्लीस आली आणि जुन्या गावाचे नाव तिच्यासोबत आले, म्हणून तिला 'पुसा' म्हणतात. २. पेंढा कुजण्यास वीस-पंचवीस दिवस लागतात, परंतु शेतकऱ्याच्या हाती तेवढा वेळ नसतो.